जुन्या पाट्यांचे फोटो सपाट का येतात, आणि त्यावर काय करायचं

तुम्ही विचारलंय की मागे पडलेल्या जुन्या रस्त्यांवरच्या पाट्यांचे फोटो काढायला लागलोय, सूर्योदयाला पोचतो, सूर्य पाठीशी ठेवतो, कॅमेराही बरा आहे, तरी फोटो सपाट येतात, समोर उभं असताना जे जाणवलं ते फोटोत उतरतच नाही, तर लेन्स बदलू का, आणि एडिटिंगमध्ये गंज अजून भडक करू का. दोन्हीला माझं उत्तर नाही असं आहे. गडबड त्या "सूर्य पाठीशी" मध्येच आहे. सकाळचा खाली असलेला सूर्य तुमच्या मागून थेट पाटीच्या तोंडावर पडतो, मग रंगाचा पोपडा असो, ठोकलेलं अक्षर असो की गंजाने आलेला फुगवटा असो, कशाचीच सावली पडत नाही. वर ते ऊन पिवळं, गंजही तांबूस, म्हणजे सगळं एकाच रंगात बुडतं. डोंगर-दऱ्यांच्या फोटोसाठी गोल्डन अवर (सूर्योदय-सूर्यास्ताच्या आसपासचा पिवळा प्रकाश) उत्तम आहे, पाटीला तो लागू होईलच असं नाही.

मी हे काम करते त्यात सगळ्यात आधी एकच गोष्ट बघते, पाटी कशाची आहे. पत्रा आहे, लाकूड आहे, इनॅमल आहे, ॲक्रिलिक आहे, निऑन आहे की भिंतीवर रंगवलेली आहे. प्रकाश कुठून हवा, किती वाजता यायचं, कुठे उभं राहायचं, हे सगळं त्यावरून ठरतं. कॅमेरा बॅगेतून नंतर काढा, आधी पाटीपाशी जाऊन (जाता येत असेल तर) बाजूने, खालून, मागून नीट बघून घ्या.

रंगवलेला पत्रा किंवा लाकूड असेल तर तिरपं ऊन लागतं, म्हणजे पाटीच्या पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाणारं, १० ते २० अंशांचा कोन. अशा उन्हात रंगाचा प्रत्येक पोपडा आपली सावली टाकतो आणि पाटीचं वय दिसायला लागतं. जुन्या लाकडी पाट्यांवर तर अजून एक सुंदर प्रकार असतो, अक्षरांसाठी वापरलेला शिसंवाला पांढरा रंग इतका टिकाऊ होता की त्याच्याखालचं लाकूड वाचलं आणि आजूबाजूचं उघडं लाकूड ऊन-पावसाने झिजून खाली गेलं, त्यामुळे रंग उडून गेला तरी अक्षरं उठावदार राहिलेली असतात. समोरून प्रकाश पडला तर ती पाटी कोरी दिसते, तिरप्या उन्हात वाचता येते! हा फरक डोळ्यांनी एकदा बघाच, मग पुन्हा सूर्य पाठीशी ठेवायची इच्छा होणार नाही.

आता हे तिरपं ऊन मिळणार कधी. सूर्य तासाला साधारण १५ अंश सरकतो, त्यामुळे ही संधी तासाभराच्या आतबाहेरच असते, म्हणून आधी गणित करून जायचं. गाडीवाल्यांना दिसावी म्हणून लावलेली पाटी रस्त्याला काटकोनात असते, म्हणजे रस्ता पूर्व-पश्चिम असेल तर पाटीची तोंडं पूर्वेला आणि पश्चिमेला, आणि रस्ता उत्तर-दक्षिण असेल तर तोंडं उत्तरेला आणि दक्षिणेला. उत्तर गोलार्धात दक्षिणमुखी पाटीला सकाळी आणि संध्याकाळी बाजूने तिरपं ऊन मिळतं, पूर्वमुखी पाटीला ते दुपारच्या जरा आधी मिळतं आणि मग तोंड सावलीत जातं, पश्चिममुखीला दुपारनंतर लगेच. उत्तरमुखी पाटी तिथे अवघड, तिला थेट ऊन मुख्यतः उन्हाळ्यातच, तेही सकाळ-संध्याकाळ. कंपास बघा, सूर्याची दिशा दाखवणारं कुठलंही ॲप चालेल, आणि पाटीचं तोंड किती अंशांवर आहे ते वहीत लिहून ठेवा, पुढच्या खेपेला तेच कामाला येतं.

आणि दुपारचं ऊन वाईट असं सगळे सांगतात, ते इथे विसरा. सूर्य ७०-७५ अंश वर आला की उभ्या पाटीवरून ऊन वरून खाली घासत उतरतं, तेही तिरपंच की. ठोकून उठवलेली पत्र्याची अक्षरं, वेगळी कापून बसवलेली अक्षरं, खिळ्यांची डोकी, हे सगळं भर दुपारी जितकं छान दिसतं तितकं कधीच दिसत नाही. फक्त एक ध्यानात ठेवा, इतक्या तिरप्या उन्हाचा पाटीवर उजेड थेट उन्हाच्या मानाने जेमतेम चौथा हिस्सा पडतो, म्हणजे पाटी आजूबाजूच्या उन्हातल्या जमिनीपेक्षा दोनेक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) काळी येणार, कॅमेरा जमीन बघून एक्सपोजर ठरवेल आणि पाटी बुडवेल. स्पॉट मीटरने (फ्रेममधल्या एका छोट्या जागेचाच उजेड मोजणारी सेटिंग) पाटीवरूनच मोजा, आकाश पांढरं व्हायला लागलं तर रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) मधून थोडं परत आणता येतं.

इनॅमलची गोष्ट पूर्ण वेगळी. ही पाटी म्हणजे लोखंडी पत्र्यावर काचेची पूड साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअसला भाजून चिकटवलेली, म्हणजे वरचा थर खरोखरचा काचेचा आहे. म्हणून त्याचा रंग विटत नाही, दगड लागून किंवा स्क्रूच्या भोकापाशी ताण येऊन टवका उडतो आणि मग त्या उघड्या जागेतून गंज गोल-गोल पसरत जातो. इनॅमलच्या पाटीचा सगळा इतिहास त्या टवक्यांमध्येच असतो, त्यामुळे भोकांचे आणि कडांचे जवळून फोटो घ्याच, खालच्या कडेला बारीक अक्षरात बनवणाऱ्याचं नाव असतं तेही घ्या. पण काच असल्यामुळे तिच्यात आकाश दिसतं. ढगाळ दिवसाचा मऊ प्रकाश चांगला म्हणून लोक मुद्दाम ढगात जातात, आणि इनॅमलवर त्या पांढऱ्या आकाशाचा एक धुरकट पडदा येतो, रंग मरतात. स्वच्छ निळ्या आकाशाचा दिवस इथे जास्त बरा, कारण निळं आकाश पांढऱ्या ढगापेक्षा बरंच गडद असतं.

पोलरायझर (चकाकी कापणारा, लेन्सवर लावून फिरवायचा फिल्टर) लावा असं कोणीतरी सांगितलं असेलच. तो चालतो, पण सरळ समोर उभं राहून नाही, तिथे तो फिरवत बसलात तरी काही होत नाही. काचेवरची चकाकी तो सगळ्यात जास्त कापतो तेव्हा तुमची नजर पाटीच्या पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांचा कोन करत असते, म्हणजे बरंच बाजूला जावं लागतं. आणि उघड्या धातूची चकाकी त्याने जवळजवळ जातच नाही, रंग उडालेल्या पत्र्यावर तो लावून फक्त एक-दीड स्टॉप प्रकाश घालवाल. सरळ समोरूनच फोटो हवा असेल तर दुसरा उपाय आहे, मागे जा. उंच खांबावरच्या पाटीकडे खालून वर बघितलं की तिच्यात तुमच्या डोक्यामागचं आकाश उमटतं, लांब गेलात की तुमची नजर आडवी होत जाते आणि तिच्यात तुमच्या पाठीमागची झाडं उमटतात, जी गडद असतात. पाटी तीच, दिवस तोच, पण लांबून रंग एकदम खोल येतात.

लांब जायचं अजून एक कारण आहे आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक पाटी एका ठरावीक अंतरावरून वाचण्यासाठी बनवलेली असते. रस्त्याच्या पाट्यांसाठी ढोबळ हिशोब असा की १ इंच उंचीचं अक्षर साधारण ३० ते ५० फुटांवरून वाचता येतं. म्हणजे १० इंचांची अक्षरं असतील तर पेंटरने ३०० ते ५०० फुटांवरच्या, गाडीत बसलेल्या माणसासाठी ती काढली होती. आपण पाटीच्या पायथ्याशी जाऊन २४ मिमी च्या रुंद लेन्सने वर बघत फोटो काढतो, त्यात खांब आत झुकतात, वरची अक्षरं लहान होतात, आणि ती पाटी ज्याच्यासाठी होती त्याने तिला असं कधी बघितलेलंच नसतं. निदान एक फोटो तिच्या मूळ अंतरावरून घ्या, ८५ ते १३५ मिमी ने, जमल्यास २०० ने, रस्ता फ्रेममध्ये ठेवून. तुमच्याकडे किटमधली टेलिझूम असेल तर तीच पुरे, एफ ८ ला ती चांगली धारदार असते आणि पाटी सपाट असल्याने समोरून घेताना याहून जास्त छिद्र बंद करायची गरज पडत नाही. लेन्स बदलू नका म्हटलं ते यासाठीच.

अमेरिकेत जॉन मार्गोलिस नावाचे छायाचित्रकार होते, त्यांनी अनेक दशकं तिथल्या रस्त्यांकडेच्या पाट्या, मोटेल, पेट्रोल पंप असं टिपलं. साधा एसएलआर, ५० मिमी लेन्स, २५ एएसए ची मंद (उजेड जास्त लागणारी) फिल्म, सकाळचा प्रकाश आणि स्वच्छ निळं आकाश, फ्रेममध्ये शक्यतो गाडी नाही, माणूस नाही. त्यांच्या ११,७१० रंगीत स्लाइड्स आता लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत आणि ऑनलाइन बघता येतात, वापरायलाही खुल्या आहेत. ओळीने बघत बसा. त्यातल्या कितीतरी गोष्टी आज जागेवर नाहीत, आणि फोटो इतके सरळ, स्पष्ट असल्यामुळेच त्या कशा होत्या ते आपल्याला कळतं. ते सकाळी काढायचे आणि मी तुम्हाला सकाळ सोडा म्हणतेय, असं वाटेल, पण त्यांना अख्खी इमारत, तिचा रंग आणि आकार दाखवायचा होता, तुम्हाला झीज दाखवायचीय, म्हणून प्रकाश वेगळा. याउलट वॉकर एव्हान्स या अमेरिकन छायाचित्रकाराने आयुष्याच्या शेवटी, १९७३ पासून, एसएक्स-७० या पोलरॉइड कॅमेऱ्यावर (फोटो लगेच हातात देणाऱ्या) पाट्यांची नुसती अक्षरं, तुकडे, बाण असं अगदी जवळून टिपलं, तिथे पूर्ण शब्द वाचता यावा असा आग्रहच नाही. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, पण एका फ्रेममध्ये दोन्ही करायला गेलं की अर्धवट जवळचा, अर्धवट लांबचा फोटो येतो.

ॲक्रिलिकच्या, आतून ट्यूब लावलेल्या पेट्या असतात त्यांना उलटं करा, सूर्य पाटीच्या मागे येऊ द्या. मागचा पत्रा फुटलेला किंवा पेटी दोन्ही तोंडांची असेल तर उजेड आरपार येतो आणि मेलेली पेटी दिवसा पेटल्यासारखी दिसते, तडे, आतली पक्ष्यांची घरटी, ट्यूबांच्या सावल्या सगळं दिसतं. छापील पाट्यांमध्ये लाल रंग बहुतेक वेळा आधी उडतो आणि निळा-काळा मागे राहतो, त्यामुळे निळसर भुतासारखी पाटी दिसली तर व्हाइट बॅलन्सने (कॅमेऱ्याची रंगछटा जुळवणारी सेटिंग) ती "दुरुस्त" करू नका, तोच तिचा आजचा रंग आहे. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवूच नका खरं तर, फ्रेमभर गंज असला की ऑटो त्याला थंड करायला बघतो. डेलाइटवर ठेवा आणि एक फ्रेम ग्रे कार्डसकट (रंग ताडून बघायला धरायचं करड्या रंगाचं कार्ड) घ्या.

निऑन, म्हणजे वायू भरलेल्या काचेच्या नळ्यांची पाटी. फ्रेंच संशोधक जॉर्ज क्लोद यांनी १९१० साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑनचे दिवे दाखवले, तिथून हा सगळा धंदा सुरू झाला. शुद्ध निऑन केशरी-लाल जळतो, निळा हवा असेल तर आर्गॉन आणि जरासा पारा. सोडून दिलेल्या पाटीत ट्यूब बहुधा फुटलेल्याच असतात, मग तिरपं ऊन, काचेच्या नळीची पत्र्यावर पडलेली सावली, तीच अक्षरं पुन्हा लिहिते. ट्यूब फुटलेली असेल तर हात लावू नका, पाऱ्यासाठी म्हणून सांगतेय. चुकून एखादी अजून पेटत असेल तर सूर्यास्तानंतर १५ ते ३० मिनिटांत घ्या, आकाश आणि ट्यूब यांचा उजेड जुळतो तेव्हा. हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) लाल चॅनल वेगळा बघा, एकत्रित आलेख ठीक दिसतो आणि लाल केव्हाच मर्यादेबाहेर गेलेला असतो, मग ट्यूबच्या जागी सपाट केशरी पट्टा उरतो. शटर १/५० किंवा त्याहून मंद, कारण मुख्य लाइनवरचा निऑन सेकंदाला १०० किंवा १२० वेळा लुकलुकतो आणि वेगवान शटरला अर्धी अक्षरं काळी येतात.

रस्त्याच्या चमकणाऱ्या दिशादर्शक पाट्यांवर काचेचे बारीक मणी किंवा प्रिझमचा थर असतो, तो आलेला उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवतो. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने पाटी पांढरीफटक येते ती यामुळे. फ्लॅश तीन-चार स्टॉप कमी करा, किंवा रात्री लांबून गाडीच्या दिव्यात घ्या, दिवसा पुसट दिसणारं अक्षर कधी कधी दिव्यात आश्चर्य वाटेल इतकं स्पष्ट येतं, कारण रंग गेला तरी मण्यांचा थर कुठे कुठे शाबूत असतो.

भिंतीवरच्या पुसट जाहिराती पावसानंतर लगेच घ्या. पाण्याने खडबडीतपणा भरून निघतो, पृष्ठभागावर विखुरणारा उजेड कमी होतो आणि दबलेला रंग वर येतो. पाऊस आपोआप करतो तेवढंच होऊ द्या, बादलीने धुणं, घासणं, अक्षरं खडूने गिरवणं असलं काही कृपा करून करू नका, एका फोटोसाठी तो रंग कायमचा जातो, आणि त्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, ते अंगावर घेण्यात अर्थ नाही. अक्षर तरीही वाचता येत नसेल तर घरी लाल, हिरवा, निळा असे तिन्ही चॅनल वेगवेगळे करून काळ्या-पांढऱ्यात बघा, बऱ्याचदा एकात तरी सापडतं. इमेजजे या फोटो तपासायच्या प्रोग्राममध्ये चालणारं डीस्ट्रेच नावाचं प्लगइन आहे, जॉन हार्मन यांनी गुहेतली पुसट चित्रं वाचण्यासाठी केलेलं, ते पाट्यांवरही मस्त चालतं. त्याचे रंग खोटे असतात हे नक्की, पण ते वाचण्यासाठी आहे, दाखवायला मूळ फोटोच ठेवायचा.

यावरून तुमचा एडिटिंगचा प्रश्न. गंज भडक करू नका. क्लॅरिटी (तपशिलांचा उठाव) आणि सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) ओढलं की जगातली प्रत्येक गंजलेली पाटी एकसारखी दिसायला लागते, आणि हलका, कोवळा गंज अन् पत्रा खाऊन गेलेला काळपट गंज यातला फरकच नाहीसा होतो, जो खरं तर सांगतो की पाणी कुठून मुरतं. तिरपं ऊन मिळालं असेल तर या स्लायडरची गरजच पडत नाही. उभ्या रेषा सरळ करा, एक्सपोजर नीट करा, बास. आणि एआय वाले नॉइज घालवणारे आणि फोटो मोठा करणारे प्रोग्राम पाटीवर वापरताना फार सांभाळा, ते पुसट अक्षरांच्या जागी दिसायला खरी वाटणारी, पण मुळात नसलेली अक्षरं बसवतात. "गेलेलं" अक्षर गेलेलंच दिसलं पाहिजे.

पाट्या शोधायच्या कुठे हे तुम्ही विचारलं नाहीत, पण वेळ वाया जाऊ नये म्हणून सांगते. जिथे नवा रस्ता जुन्याला वळसा घालून गेला तिथे. अमेरिकेतला रूट ६६ हे याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण, १९२६ साली सुरू झाला, शेजारून मोठे महामार्ग आले, १९८५ मध्ये अधिकृत यादीतून काढला गेला, आणि त्यावरच्या मोटेलच्या पाट्या जागच्या जागी राहिल्या कारण काढण्याचा खर्च करावा इतकंही तिथे कोणाचं काही उरलं नव्हतं. हेच कुठेही होतं. जुना नकाशा आणि आजचा उपग्रह नकाशा एकावर एक ठेवा, जिथे जुनी रेघ नव्या रस्त्यापासून सुटून परत येऊन मिळते तो तुकडा पायी बघा. जागा खाजगी असेल तर विचारून जा, विचारल्यावर बहुतेक लोक पाटीची माहितीच सांगायला लागतात आणि ती पाटीवर कुठेच लिहिलेली नसते.

प्रत्येक पाटीचे निदान एवढे फोटो घ्या: लांबून, परिसरासकट, समोरून सरळ, जवळून तपशील, आणि पाठ. पाठ लोक विसरतातच. लोखंडी अँगल कसे जोडलेत, बोल्ट किती जुने, जुन्याच पाटीची पालथी बाजू वापरून नवी रंगवलीय का, हे सगळं मागे असतं, आणि मला तर कित्येकदा पुढच्यापेक्षा मागचाच फोटो आवडतो. पायात जाड बूट, हातात मोजे, रस्त्याकडेला उभं राहायचं तर चमकणारं जॅकेट, आणि कॅमेऱ्यात बघत रस्त्याच्या दिशेने मागे मागे सरकायचं नाही, कधीच नाही.

घरी आल्यावर त्याच दिवशी लिहून टाका: तारीख, जागा, तोंडाची दिशा, कशाची बनलीय, आणि पाटीवर आज जे वाचता येतं ते जसंच्या तसं, गेलेल्या अक्षरांच्या जागी टिंबं देऊन. नेमके अक्षांश-रेखांश स्वतःच्या फाइलीत ठेवा पण फोटो टाकताना काढून टाका, जुन्या इनॅमलच्या पाट्यांना विकत घेणारे भरपूर आहेत आणि नेमकी जागा कळली की पाटी रातोरात उतरवली जाते. वर्षाने पुन्हा जाणार असाल तर जुना फोटो मोबाईलवर उघडून ठेवा आणि पाटीची कड मागच्या कुठल्या झाडाला किंवा खांबाला टेकते ते जुळेपर्यंत डावी-उजवीकडे सरका, मग झूम जुळवा, या क्रमानेच, आधी झूम जुळवलं तर जागा कधीच जुळत नाही.